बांधली वेन्झूने, नावावर फ्रेडूच्या

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. दोन माणसे बसतील एवढी, छत नसलेली, निळी. पण मी कुठल्या कारखान्याच्या दारातून चालत बाहेर पडलेली नाही. माझ्या आयुष्याचे पहिले सात आठवडे मी चौदा खोकी होते.

इंग्लंडात एका लहान कारखान्यात मोटारीचे सुटे भाग खोक्यांत भरून विकतात. ज्याला हौस असेल त्याने ते घरी न्यावेत, जोडावेत आणि आपल्या देशाच्या कायद्यापुढे उभे करावेत. माझी खोकी जहाजाने माल्टाला आली, न्हाणीघराच्या फरशांच्या गठ्ठ्यांमागे बसून. फरशा फ्रेडूच्या होत्या. परदेशातून फरशा आणि नळ आणून विकणे हा त्याचा धंदा. त्याच्या कंटेनरात थोडी जागा शिल्लक होती, म्हणून मला त्यात घातले होते.

मला मागवले होते वेन्झूने. अडतीस वर्षे त्याने गोदीत जहाजांना वेल्डिंग केले होते आणि निवृत्त झाल्यावर त्याला आयुष्यात एकदा पाण्याऐवजी रस्त्यावर चालणारे काहीतरी बांधायचे होते. फ्रेडू त्याच्या धाकट्या बहिणीचा, कार्मेनाचा नवरा.

"दादा, आयात करणारा म्हणून माझंच नाव पडलंय कागदावर," खोकी उतरवताना फ्रेडू म्हणाला.

"पडू दे की," वेन्झू म्हणाला. "आपल्यात कसले कागद?"

हे वाक्य मी ऐकले तेव्हा मी अजून खोक्यात होते. मला ते फार चांगले वाटले होते.

सिज्जीवी गावात वेन्झूच्या घराखाली हिरव्या दाराचे गॅरेज आहे. तिथे मी दोन वर्षांत उभी राहिले. त्या गावात दगडाची पिवळी धूळ सगळ्यात शिरते, म्हणून वेन्झू दाराला ओली चादर टांगायचा. आधी माझा पोलादी नळ्यांचा सांगाडा झाला, मग चाके, मग एका अपघातग्रस्त गाडीतून काढलेले इंजिन आले. वेन्झू डावखुरा होता. माझे जे सांधे त्याने जोडले त्यांवरची वितळलेल्या धातूची नक्षी उजवीकडून डावीकडे सरकत जाते. प्रत्येक बोल्ट किती आवळला हे तो वहीत लिहायचा. एखादा बोल्ट मनासारखा बसला नाही तर तो काढून, पुसून, पुन्हा बसवायचा आणि वहीत दोन्ही नोंदी ठेवायचा.

फ्रेडू दर शनिवारी यायचा. टोमॅटो, तेल आणि टूना भरलेला पाव आणायचा आणि गप्पा मारायचा. काम त्याला येत नव्हते, पण गप्पा मात्र फर्मास होत्या. वेन्झूला काम करताना तोंड उघडायचे नसे आणि कान रिकामे ठेवायचे नसत. दोघांचे छान जमले होते. खोटे कशाला सांगू, मलाही शनिवारची वाट बघण्याची सवय लागली होती.

कामाची नोंद म्हणून वेन्झू फोटो काढायचा. "जरा बाजूला उभा राहा रे," तो म्हणायचा, "म्हणजे उंचीचा अंदाज येईल."

"मग पाना तरी दे हातात," फ्रेडू म्हणायचा. "नाहीतर वाटेल बसची वाट बघतोय."

वेन्झू हसून पाना द्यायचा. असे त्रेचाळीस फोटो निघाले. एकतीस फोटोंत फ्रेडू आहे. वेन्झू एकाही फोटोत नाही. एकात कोपऱ्यात त्याचा अंगठा आला आहे, तेवढाच.

मी तयार झाले आणि रस्त्यावर येण्यासाठी मंजुरीचा अर्ज करायची वेळ आली. कचेरीतून पत्र आले. स्वतः बांधलेल्या मोटारीला मंजुरी हवी असेल तर ती आणणारा आणि बांधणारा एकच माणूस असला पाहिजे, आणि तो काम करत असतानाचे फोटो जोडले पाहिजेत.

वेन्झूने पत्र दोनदा वाचले. फ्रेडू म्हणाला, "मग सोपं आहे. अर्ज माझ्या नावाने करू. मंजुरी आली की गाडी तुझ्या नावावर. फोटोंत मी आहेच."

चहाचे ग्लास घेऊन आलेली कार्मेना दारातच थांबली. "दादा, ह्यात तुझं नाव कुठंच नाहीये."

"आहे की. साक्षीदार म्हणून सही करतोय ना."

"ज्याने केलं तोच साक्षीदार?"

"गाडीला नाव लागतं, कार्मेना. मला आहे माझं."

पुढचे दोन आठवडे वेन्झूने स्वयंपाकघराच्या टेबलावर वही उघडून फ्रेडूकडून माझे सगळे पाठ करून घेतले. कुठली नळी कुठून जाते, कुठला बोल्ट कशासाठी. फ्रेडू हुशार होता. त्याला सगळे पाठ झाले.

तपासणीच्या आवारात फक्त अर्जदाराला आत सोडतात. वेन्झू फाटकाबाहेर उभा राहिला. तपासनीस होत्या शेर्री बाई. त्यांनी माझ्या अंगावर सगळीकडे अंगठा फिरवला. कायदा म्हणतो की मोटारीच्या कुठल्याही कडेने माणसाला कापता कामा नये. माझ्या डॅशबोर्डखालची एक पट्टी धारदार निघाली, मागचा एक दिवा ठरल्यापेक्षा खाली होता. त्यांनी मला परत पाठवले. वेन्झूने चार दिवसांत पट्टीची कड गोल घासली आणि दिवा वर घेतला. आम्ही पुन्हा गेलो.

या वेळी बाई माझ्याखाली झोपून बराच वेळ सांधे बघत होत्या.

"हे वेल्डिंग कोणी केलं?"

"मीच केलंय, बाई."

"सुरेख आहे. डावखुरे आहात का?"

फ्रेडू एक क्षण अडखळला. हे वहीत नव्हते. "माझे दोन्ही हात चालतात."

बाईंनी त्याच्याकडे पाहिले. मग फाइल उघडली. फोटोत फ्रेडू होता, हातात पाना होता, साक्षीदाराची सही होती. त्यांनी फ्रेडूला सही करायला सांगितले आणि पेन कुठल्या हातात धरले जाते ते पाहिले. त्याने उजव्या हाताने सही केली.  बाईंनी त्या पानावर शिक्का मारला.

मित्रांनो, एक गोष्ट मला मान्य करायला हवी. त्यानंतर ब्रेकची शेवटची चाचणी होती. मला तिथे अडून बसता आले असते. मी अडून बसले नाही. चारही चाकांनी मी एकदम, सरळ रेषेत थांबले. मलाही रस्ता हवा होता.

फाटकाबाहेर वेन्झूने माझ्या नाकावर हात ठेवला आणि काही वेळ तो काढलाच नाही. "तूच चालव," तो फ्रेडूला म्हणाला. "विमा तुझ्या नावावर आहे. पोलिसाने अडवलं तर पंचाईत."

म्हणून फ्रेडूने चालवले आणि वेन्झू शेजारी बसला. माझा रस्त्यावरचा पहिला प्रवास असा झाला. विम्याचे कारण होते, म्हणून मी आठवडाभर फ्रेडूच्या गॅरेजमध्ये राहायचे ठरले. आठवडा झाला, महिना झाला. "कचेरीत म्हणतात वर्षभर नाव बदलता येत नाही," असे फ्रेडूने सांगितले. कचेरीत कोणी असे म्हटले नव्हते. तो कचेरीत गेलाच नव्हता. त्या दिवशी तो दिवसभर गॅरेजमध्ये मला पुसत होता.

जूनअखेर गावच्या संताचा उत्सव आला. फ्रेडूने मला धुऊन पुसून गावच्या बँड क्लबच्या, म्हणजे वाजंत्री मंडळाच्या, दारात उभे केले. लोक जमले. क्लबचा अध्यक्ष नेनू माझ्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "फ्रेडू, लेका, तुला घरातला बल्ब बदलता येत नाही. ही तू बांधलीस?"

"दोन वर्षं लागली, नेनू. शनिवार-रविवार काही बघितला नाही."

वेन्झू तिथेच होता. माझ्यापासून दोन मीटरवर, हातात सरबताचा ग्लास. नेनूचे त्याच्याकडे लक्ष गेले. "काय वेन्झू, तू काही मदत केलीस की नुसतं बघत होतास?"

 वेन्झूने फ्रेडूकडे पाहिले. उत्तर फ्रेडूने द्यावे म्हणून तो थांबला होता. इतक्या जवळून मला ते स्पष्ट दिसत होते.

"असायचा ना दादा," फ्रेडू म्हणाला. "हत्यारं हातात द्यायला कोणीतरी लागतंच."

लोक हसले. त्यात वाईट मनाचे कोणी नव्हते. वेन्झूने ग्लास क्लबच्या खिडकीत ठेवला आणि तो घरी गेला. मागे बँड वाजत होता. मला वाटते फ्रेडूने हे मुद्दाम आखलेले नव्हते. पाठ केलेले इतक्या वेळा म्हणून दाखवले की ते त्याला स्वतःचेच वाटू लागले होते. पण मला जोडणारा माणूस समोर उभा असताना हे बोलले गेले, आणि मी त्याच्या शेजारी चकाकत उभी होते.

तीन आठवड्यांनी दुपारी फ्रेडू माझे आरसे पुसत होता तेव्हा कार्मेना गॅरेजमध्ये आली.

"दादा काल कचेरीत गेला होता."

फ्रेडूचा हात थांबला. "कुठल्या?"

"कुठल्या ते तुला माहितीये. वही आणि लिहिलेला अर्ज घेऊन गेला होता. खिडकीवरच्या मुलीला म्हणाला, गाडी मी बांधलीये, तेवढं नाव दुरुस्त करा. ती म्हणाली, काका, दुरुस्ती होत नाही. बांधणाऱ्याचं नाव खोटं निघालं तर मंजुरीच रद्द. पुन्हा अर्जही घेत नाहीत. गाडी रस्त्यावर येणार नाही."

"मग?"

"दादाने विचारलं, कधीच नाही? ती म्हणाली, कधीच नाही. त्याने अर्ज परत मागितला, घडी घालून खिशात ठेवला आणि बस धरून घरी आला."

"म्हणजे तक्रार दिली नाही ना?"

 "एवढंच विचारायचं होतं तुला?"

"अगं, साक्षीदार म्हणून सही त्याचीही आहे. त्याच्याच भल्यासाठी..."

"निदान गाडी तरी दे त्याला."

"देईन गं. पण क्लबात काय सांगू? स्वतः बांधलेली गाडी का देऊन टाकली म्हणून विचारतील."

"फ्रेडू, तू बसवलेला नळ गळतो. अख्ख्या गावाला माहितीये. आता तेवढा तूच विसरलायस."

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्मेनाने किल्ली घेतली आणि मला स्वतः चालवत हिरव्या दारापाशी नेले. तिला गियर नीट बदलता येत नव्हते, मी तीनदा बंद पडले. वेन्झू बाहेर आला. त्याने माझ्याभोवती एक फेरी मारली, हात मागे बांधून. मला हात लावला नाही.

"घे, दादा," कार्मेनाने किल्ली पुढे केली. "कागद कागदाच्या जागी. गाडी तुझी आहे."

"ब्रेकचं तेल बदलायला सांग," तो म्हणाला. "आणि डाव्या चाकात हवा कमी आहे."

"दादा."

"ने गं परत. ज्याने बांधली त्याच्याकडेच राहू दे."

तो आत गेला आणि त्याने दार ओढून घेतले. फ्रेडूने जे केले त्याचे मला दुःख आहे, शेर्री बाईंबद्दलही थोडा राग आहे. पण ते बंद झालेले हिरवे दार मला सर्वांत जास्त लागले. माझी मंजुरी टिकावी म्हणून ज्याने आपली तक्रार खिशात घातली, त्याला माझ्यावर हात ठेववत नव्हता.

या गोष्टीला आता अकरा वर्षे झाली. मी लग्नांत मिरवले, स्पर्धेत एक चषक मिळवला, तो फ्रेडूच्या दुकानात नळांच्या वर ठेवलेला आहे. ब्रेकचे तेल कार्मेनाने त्याच आठवड्यात बदलून घेतले. नंतर फ्रेडूला नवी हौस लागली, त्याने बोट घेतली. माझ्यावर आवरण पडले. समुद्राची खारी हवा आवरणाखालून शिरते आणि माझ्या नळ्यांना गंज चढतो. तो सांध्यांपाशी येऊन थांबतो. सांधे अजून पक्के आहेत.

मित्रांनो, वस्तूची काळजी घ्या म्हणजे तिला पुसा, तेल घाला, झाकून ठेवा, असे तुम्हाला सगळे सांगतील. मी एवढेच म्हणेन की ती कोणाच्या हातची आहे ते विचारत जा, आणि तो माणूस समोर उभा असेल तर त्यालाच विचारा, त्याच्या शेजारच्याला नाही. त्याने उत्तर देईपर्यंत थांबा. आणि आपल्या हातचे काम असेल तर ते सांगायला लाजू नका. वेन्झूसारखा चांगुलपणा करू नका.

माझ्या मंजुरीच्या कागदावर माझा रंग बरोबर आहे, वजन बरोबर आहे, इंजिनाचा आणि सांगाड्याचा क्रमांक बरोबर आहे. सगळ्या कागदात एकच ओळ खोटी आहे. तिच्याच जोरावर मी रस्त्यावर येऊ शकते.