आम्ही कुठल्या कामगार!

माझी पहिली केस, आणि ती माझ्याच अशिलानं एका वाक्यात बुडवली!

वच्छलाबाई बीबी गावाजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला जायच्या. बीटी कापसाचं बियाणं आल्यापासून गावात कापसाचे ढीग वाढले होते, पण त्यांच्या दीड एकरातली बीटी लाल्या रोगानं वाळली, म्हणून त्यांनी जिनिंगची वाट धरली. तिथं अडकलेला कापूस काढताना मशीननं त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली. मालकाचं म्हणणं एकच, ही बाई आमची कामगार नाहीच. त्या कामगार ठरल्या तर भरपाई, नाहीतर रिकाम्या हातानं घरी.

मी महनूर, मेहकरची नवीकोरी वकील. बाईंकडून मी आठ दिवस सगळं घोकून घेतलं होतं. वेळ, मशीन, मुकादम, सगळं. बुलडाण्याच्या कोर्टात मालकाचे वकील पंजाबराव उठले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही कामगार होत्या का?"

"नाही जी," वच्छलाबाई चटकन म्हणाल्या. "आमी कुठल्या कामगार! आमी तं रोजानं जातो."

पंजाबरावांची कळी खुलली. "लिहून घ्या, साहेब!"

माझं डोकं तापलं, ते स्वतःवरच. आमच्याकडे कामगार म्हणजे ज्याला कार्ड असतं, जो संपावर जातो तो. बायका शेतात जावोत की जिनिंगमध्ये, त्या 'रोजानं' जातात. हे मला लहानपणापासून ठाऊक, आणि नेमका तोच शब्द समजावून सांगायचा राहिला! कोर्टाची परवानगी घेऊन मी ताडकन उठले.

"मावशी, कामाला किती वाजता जायच्या?"

"आठचा भोंगा झाला का."

"उशीर झाला तर?"

"मुकादम गेटातूनच वापस लावे."

"मशीनमधला कापूस काढायला कोणी सांगितलं?"

"त्यानंच. मी म्हनलं, बंद कर, मंग काढतो. थो म्हने, चालूच काढ."

"तुम्ही नाही म्हटलं असतं तर?"

वच्छलाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की या पोरीला वकील केलं कोणी! "नाही कशी म्हनू वं माय? दुसऱ्या दिशी कामावर घेतलं असतं का त्यानं?"

न्यायाधीशांनी मान वर केली. "'कामावर घेतलं', हेच शब्द लिहा," ते टंकलेखकाला म्हणाले. मला तर तिथंच टाळ्या पिटाव्याशा वाटल्या!

महिन्याभरानं निकाल लागला. रोजानं येत असल्या, तरी कामगारच! मी व्हरांड्यात धावत जाऊन वच्छलाबाईंना मिठीच मारली. त्यांच्या सोबतीला त्याच जिनिंगमधल्या शालूबाई आल्या होत्या. त्या मात्र हसेनात. त्यांनी पदराखालून डावा हात काढला. त्याला अंगठा नव्हता.

"तीन वर्सं झाली याले," त्या म्हणाल्या. "मंग तवा मी बी कामगारच होती का वं?"

"होत्या की!" मी ओरडलेच.

अर्जाची दोन वर्षांची मुदत टळून गेली होती. पण उशीर माफ करा, असाही अर्ज करता येतो. मी तिथंच बाकावर बसून तो लिहायला घेतला. उशिराचं कारण लिहायची वेळ आली तेव्हा पेन जरासुद्धा अडलं नाही: 'अर्जदारास आपण कामगार आहोत हे आजच समजले.'