जोडीचा दगड

थंड, खळाळत्या ओढ्यातला दगड उलटा केला की खाली चिकटलेली दगडमाशीची चपटी पिल्लं दिसतात. बैकाल सरोवरापलीकडच्या त्या लहान शहरात जीवाश्मांच्या अभ्यासक सेराफिमा गावरिलोव्हना शाळेतल्या मुलांना ती दाखवत आणि शेवटी हमखास म्हणत, "यांच्या कुळांतलं एक कूळ मी शोधलंय बरं!"

ते कूळ दगडात उमटलेल्या एकाच ठशावर उभं होतं. साडेपंधरा कोटी वर्षांपूर्वी तळ्याच्या गाळात बुडालेली एक माशी. दगडमाशीचं कूळ पंखांच्या शिरांवरून ठरतं. हिच्या पंखात आडव्या शिरांचं असं दाट जाळं होतं की ती कुठल्याच ठाऊक कुळात बसेना. म्हणून बाईंनी नवं कूळ मांडलं. एकवीस वर्षं ते पुस्तकांत नांदत होतं.

त्या दुपारी त्यांची जुनी विद्यार्थिनी आयुना आली. तिनं वर्तमानपत्रात गुंडाळलेला तळहाताएवढा दगड टेबलावर ठेवला.

पातळ थरांचा दगड फोडला की त्याचे दोन अर्धे होतात आणि दोन्हींवर ठसा उमटलेला असतो. बाईंच्या मोहिमेवर गाडी लहान होती. त्यामुळे त्यांचा नियम होता, ठळक अर्धा ठेवायचा, फिकट नदीत फेकायचा.

"हा फेकायला सांगितला होता मी."

"सांगितला होतात. मी ऐकलं नाही."

"तेव्हाही तुला कान नव्हते."

"कान होते, सेराफिमा गावरिलोव्हना. खिसेही होते."

बाईंनी ठशावर अल्कोहोलचा थेंब सोडला. ओला झाला की ठसा उघडतो. त्या भिंगावर वाकल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. या अर्ध्यावर एकच पंख होता, स्वच्छ, आडव्या शिरा मोजून चार. म्हणजे त्यांच्या अर्ध्यावर दोन पंख एकमेकांवर चिकटले होते. खाली तिरक्या पडलेल्या पंखाच्या शिरा त्यांनी वरच्या पंखात मोजल्या होत्या. माशी साध्या, जुन्या, सगळ्यांना माहीत असलेल्या कुळातली होती.

"कधी कळलं तुला?"

"तंबूतच. प्रबंधात लिहिलंही होतं. तुम्ही त्या पानावर रेघ मारलीत आणि मला भुंगेऱ्यांच्या अभ्यासाकडे धाडलंत."

"भुंगेऱ्यांनी पोसलं ना तुला?"

"पोसलं. तुमच्या सहीशिवाय माझं दुसरं काही छापणार कोण होतं?"

बाईंनी चष्मा पुसला. "बरं. दोघींच्या नावानं लिहू. चूक माझी, तर आधी नाव माझं."

"लेख छापायला गेलाय."

"मग आलीस कशाला? चहा प्यायला?"

"फोटो राहिलाय. दोन्ही अर्धे शेजारी शेजारी हवेत. तुमचा अर्धा कपाटात आहे आणि किल्ली तुमच्या गळ्यात."

"नाही दिला तर?"

"तर लिहीन, मूळ नमुना पाहायला मिळाला नाही. वाचणारे काय ते समजतील."

दगड हरवला म्हणता आलं असतं. दहा वर्षांपूर्वी तळघरात पाणी शिरलं होतं, दोन पेट्या वाहून गेल्या होत्या. कोणी शंका घेतली नसती. बाईंच्या जिभेच्या टोकावर ते वाक्य आलंही. पण एकाही दगडाबद्दल त्या आजवर खोटं बोलल्या नव्हत्या, आणि बोलायचं कसं तेच त्यांना जमेना. त्यांनी किल्ली काढली.

दोन्ही अर्धे कडेला कड लावून बसले, जणू कालच फुटले होते. बाईंनी स्वतःच थेंब सोडला, स्वतःच दिवा धरला.

"बोट दिसतंय," आयुना कॅमेऱ्यातून बघत म्हणाली. "मागे घ्या."

बाईंनी बोट मागे घेतलं.

"दिवा थोडा डावीकडे. हां. हलू नका."

बाई हलल्या नाहीत.

फोटो झाल्यावर आयुना आपला दगड गुंडाळत म्हणाली, "लेखाच्या शेवटी तुमचे आभार मानलेत."

"कशाबद्दल?"

"नमुना दाखवल्याबद्दल."

"आधीच लिहून टाकलंस?"

"तुम्ही दाखवाल हे ठाऊक होतं."

बाईंनी दगड खोक्यात ठेवला. खोक्यावरच्या चिठ्ठीवर त्यांच्याच अक्षरात कुळाचं नाव होतं. ते खोडायला आयुनानं आपलं पेन पुढे केलं. बाईंनी ते घेतलं नाही. त्या खणात स्वतःचं पेन शोधत राहिल्या, आणि ते सापडेपर्यंत आयुना कोट चढवून उभी राहिली.