उकंडरावांची पहिली रिपीट फिल्म

“माह्यं नाव नाही काय त्याच्यात?”

उकंडरावांनी यादी पुन्हा वरून खालपर्यंत वाचली. दोन्ही कडांना भोकं असलेला तो लांब कागद मुंबईच्या कॉम्प्युटरमधून छापून आला होता. त्यावर अकरा नावं होती.

“नाही, सिंधूताई.”

“अन् रुख्मिणीचं?”

“आहे. सातवं.”

धामणगाव बढ्याच्या सिंधूताई इंगळे दवाखान्याच्या ओसरीवर पाय लांब करून बसल्या होत्या. त्यांना मांडी घालता येणं बंद होऊन तीन वर्षं झाली होती.

“रुख्मिणी बस स्टँडावरून पायी येते, भाऊ. मले दिरानं बैलगाडीत टाकून आणलं. मंग तुमच्या त्या मुंबईच्या मशीनले मी काऊन नाही दिसली?”

“मशीन कोणाले पाहत नाही, ताई. गुडघा मी मोजतो, आकडा मी पाठवतो. मशीन फक्त आकडा पाह्यते.”

“मंग आकडा कोणाचा चुकला?” सिंधूताईंनी सरळ विचारलं. उकंडरावांना ते लागलं.

उकंडराव बावीस वर्षं एक्सरे काढत होते. त्यांच्या रजिस्टरात ‘रिपीट’ नावाचा एक रकाना होता. फिल्म बिघडली की पुन्हा काढायची आणि कारण तिथं लिहायचं. बावीस वर्षांत तो रकाना कोरा होता. नवा डॉक्टर आला की उकंडराव कसल्या तरी निमित्तानं ते रजिस्टर त्याच्या टेबलावर उघडं ठेवून यायचे. घरी बायको सत्यभामाबाई म्हणायच्या, “देवाच्या पोथीपेक्षा त्या वहीले जास्त जपता तुमी.”

हे १९७८ सालचं. मुंबईचे एक डॉक्टर गुडघ्यांचा अभ्यास करत होते. जन्मभर शेतात उकिडवं बसून निंदण केलेल्या दोनशे बायका त्यांनी निवडल्या. बाईला उभं करायचं, गुडघ्याची फिल्म काढायची, दोन हाडांमधली फट डिव्हायडरनं मोजायची आणि आकडा फॉर्मवर भरायचा. मुंबईत त्या आकड्यांप्रमाणं कार्डांना छिद्रं पाडून ती कॉम्प्युटरला घालत. आतल्या बाजूची फट ज्यांची सगळ्यात कमी, म्हणजे गुडघा सगळ्यात जास्त झिजलेला, त्यांचं हाड कापून पाय सरळ करायचं ऑपरेशन फुकट होणार होतं. पुन्हा असं कधी होईल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टर आज यादी घेऊन आले होते आणि तीन वाजता मलकापूरच्या रेल्वेगाडीसाठी त्यांची जीप सुटणार होती.

दुपारचा एक वाजला होता. उकंडरावांनी कपाटातून सिंधूताईंची फिल्म काढली आणि उजेडाच्या पेटीवर लावली. डिव्हायडरची दोन टोकं फटीत टेकवली. चार मिलिमीटर. फॉर्मवरही चारच होते. आपलं काही चुकलं नाही म्हणून त्यांना आधी हायसंच वाटलं.

मग त्यांना फिल्मच्या कडेला तो पांढरा ठिपका दिसला. रुपयापेक्षा लहान, गोल, मधे चार भोकं. त्यांनी खाली आपल्या कोटाकडे पाहिलं. सगळ्यात खालचं बटण पितळेचं होतं. मूळचं तुटलं तेव्हा सत्यभामाबाईंनी घरात सापडलं ते लावलं होतं.

त्यांना तो दिवस आठवला. सिंधूताई फळीवर चढल्या आणि लगेच डगमगल्या. हाताशी उकंडरावच होते. पण पडता पडताही सिंधूताईंनी पुढं केलेला हात मागं घेतला. “शिवू काय, भाऊ?” असं विचारलं. धामणगावात त्यांच्या सासूनं जन्मभर वरच्या जातीच्या माणसांना विचारलं असेल, तसं. उकंडरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्यांनी सिंधूताईंचे दोन्ही हात ओढून स्वतःच्या खांद्यावर ठेवले, चांगले वाकले आणि तसंच एक्सरे मशीनच्या वायरीचं बटण दाबलं. नियमाप्रमाणं पडद्याआड उभं राहायचं असतं, तेही विसरले.

बाईचं निम्मं वजन तर आपणच उचललं होतं. गुडघ्यावर भार पडला नाही, म्हणून फट उघडी राहिली. फॉर्मवर मात्र ‘आधाराशिवाय उभे’ या ओळीपुढं त्यांनी सवयीनं ‘होय’ लिहिलं होतं.

त्यांनी फिल्म पेटीवरून काढली. कुणालाही कळणार नव्हतं. मशीनला नाही आणि डॉक्टरांना तर नाहीच. ठिपका नखानं खरवडला असता तरी चाललं असतं. खोटं कशाला, तेही त्यांच्या मनात येऊन गेलं. मग ते डॉक्टरांच्या खोलीत गेले.

“साहेब, एक फिल्म पुन्हा काढावी लागते. चूक माझी आहे.”

डॉक्टरांनी ताटावरून मान वर केली. “तुमची? काय झालं?”

“खांदा दिला मी तिला.”

डॉक्टरांनी घास ताटात ठेवला. “आणखी किती जणींना दिला?”

“कोणालेच नाही, साहेब. बाकीच्यांनी मागितला नाही.” मग ते म्हणाले, “हिनंही मागितला नव्हता.”

“अडीचच्या आत ओली फिल्म दाखवा.”

एक्सरेच्या खोलीत सिंधूताई फळीवर चढल्या. या खेपेला हात आपणहून उकंडरावांच्या खांद्याकडे आला. उकंडराव मागं सरकले.

“आज नाही देता येत, ताई. एकटं उभं राहा लागते.”

“पडीन ना मी.”

“नाही पडत. दहा मोजतो. मोठ्यानं मोजतो.”

ते पडद्याआड गेले. काचेतून सिंधूताईंचे थरथरणारे पाय दिसत होते. ओठ मिटलेले, डोळे समोरच्या भिंतीवर. “एक, दोन...” सहाला त्या हलल्या. उकंडरावांचा हात वायर सोडून पुढं निघाला होता. त्यांनी तो कोटाच्या खिशात कोंबला आणि त्या सावरताच दुसऱ्या हातानं बटण दाबलं. एवढं निर्दय काम आपण कधी केलं नाही, असं त्यांना वाटलं.

अंधाऱ्या खोलीतून निथळती फिल्म घेऊन ते उजेडात आले. डिव्हायडर काढला, पण टेकवायला जागाच नव्हती. आतल्या बाजूला हाडावर हाड बसलं होतं. फॉर्मवर त्यांनी शून्य लिहिलं. डोळे भरून आले, आणि त्यात दुःख किती आणि आनंद किती ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

डॉक्टरांनी फिल्म खिडकीपुढं धरली. मग खिशातलं पेन काढून छापील अकरा नावांखाली बारावं नाव शाईनं लिहिलं.

जीप गेल्यावर उकंडरावांनी रजिस्टर उघडलं. रिपीटच्या कोऱ्या रकान्यात तारीख घातली, कारणापुढं ‘खांदा दिला’ एवढंच लिहिलं आणि खाली सही केली. अक्षर चांगलं आलं नाही.

ओसरीवर सिंधूताई बसल्या होत्या. दीर बैल जुंपत होता.

“झालं काय, भाऊ?”

“झालं. पोळ्यानंतर मुंबईले जायचं.”

सिंधूताई उठायला लागल्या. उकंडराव त्यांच्यापुढं येऊन वाकले. सिंधूताईंनी काही न विचारता दोन्ही हात त्यांच्या खांद्यावर टाकले आणि सगळं वजन देऊन त्या उभ्या राहिल्या.