चढलेला आवाज

विणकराने वखारीबाहेरच्या नळावर भुवयांतले कापसाचे तंतू ओढून काढले, मान खसखसून धुतली आणि घराकडे वळताना मुद्दाम भुशाच्या ढिगावर बाही घासली. चार दिवस हा उद्योग चालला होता. संपाचा आठवा आठवडा. गिरणीने दिलेल्या खोल्या रिकाम्या करा, अशी नोटीस दारावर लागली आणि त्याचा धीर सुटला. तेव्हापासून तो मागच्या दाराने गिरणीत शिरून माग चालवायचा. बायकोला मात्र सांगायचा, वखारीत लाकडं वाहतोय.

घरात मेहुणा बसला होता. संप समितीतला, एरवी लाघवी, पण फितुरांचा विषय निघाला की त्याचं डोकं फिरायचं. त्याला पाहताच विणकराने भुसा लागलेली बाही पुढे केली.

"अगं, पाणी आण!" तो म्हणाला.

आवाज एवढा मोठा निघाला की तो स्वतःच दचकला. मागांच्या खडखडाटात बोलून बोलून विणकरांचा आवाज घरीही चढलेलाच असतो. संपात मात्र साऱ्या वस्तीचे आवाज हळूहळू खाली आले होते.

"भाऊजी, एवढ्याने का ओरडताय?" मेहुण्याने त्याच्याकडे रोखून पाहिलं.



"अरे, कान ठणकतोय त्यांचा," बायको आतून म्हणाली. "वखारीत कानाजवळ फळी आपटली. चार दिवस झाले, असंच मोठ्याने बोलतात."

भावाशी ती आजवर कधी खोटं बोलली नव्हती. म्हणजे हिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. विणकराला तिच्याकडे बघवेना. तिने कोमट तेल आणलं, त्याला आडवं केलं आणि धडधाकट कानात चार थेंब सोडले.

मेहुणा पाघळला.

"आणि तसेच ओझी वाहताय? परवा सभेत तुमचंच नाव घेतलं मी. म्हटलं, आमच्या भाऊजींना बघा, कंबर मोडून घेतील, पण आत पाऊल टाकणार नाहीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या."

विणकराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुशीवर असल्याने तोंड भिंतीकडे होतं, तेवढीच सोय.

मेहुणा उठला. दारात थांबून, बहिऱ्याशी बोलावं तसं एकेक शब्द तोडून ओरडला, "उद्या तुम्ही झोपा! वखारीत तुमच्या बदली मी जातो! सकाळीच!"

"अरे, नको, तुला कशाला..." बायको म्हणेपर्यंत तो जिना उतरूही लागला.

तिचा तेलकट हात विणकराच्या कानावर तसाच राहिला.

"हाक मारा त्याला," ती हळूच म्हणाली. "उद्या दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा तुम्हीच सांगा."

तो उठून बसला. जिन्यावर अजून पावलं वाजत होती. विणकराने हाक मारली. ती उंबऱ्यापलीकडेही गेली नाही.