जोडाखालची गल्ली

हळू, मित्रांनो, हळू! असं एकदम ओढून उलगडू नका मला. मी जुना नकाशा आहे. वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवल्यामुळे माझी पाठ कायमची वाकली आहे. चारही कोपऱ्यांवर काहीतरी जड ठेवा. कात्री चालेल, डबा चालेल, फक्त शिवणयंत्राच्या तेलाची बाटली नको. हां, आता बसा. थोरल्या आजी कपडे पोचवायला गेल्या आहेत. त्या परत येईपर्यंत माझी गोष्ट ऐकून घ्या.

माझा जन्म नगरपालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर, नगररचना विभागात झाला. शहरात रस्ता कुठून जाईल, शाळा कुठे होईल, बागेला जागा कुठे ठेवायची, हे तिथे ठरतं. खोली लांबट होती. खिडक्या मोठ्या, पण ऊन थेट आत न येणाऱ्या, कारण नकाशा काढणाऱ्याला उजेड हवा असतो आणि ऊन मात्र डोळ्यांत खुपतं. उंच टेबलं, उथळ खणांची लोखंडी कपाटं, डिंकाचा आणि शाईचा वास. त्या वासाची मला अजून आठवण येते.

मला काढलं आरेखक काकांनी. आरेखक म्हणजे हाताने नकाशे काढणारा माणूस. काकांचं अक्षर छापल्यासारखं. रेघ ओढताना ते श्वास रोखून धरायचे आणि रेघ संपली की 'हुश्श' करायचे. दिवसभर खोलीत आपलं हुश्श, हुश्श! माझ्यावर किती रेघा आहेत ते बघा, म्हणजे बिचाऱ्यांनी किती वेळा श्वास रोखला असेल ते कळेल.

आता एक बारीकशी गोष्ट सांगतो, ती नीट ऐका, कारण माझं सगळं दुःख तिच्यातच आहे. मी एका कागदाचा नाही. सहा कागद जोडून मी झालो. प्रत्येक कागदाच्या कडेला दोन बोटं कोरी पट्टी सोडलेली असते. जोडताना एका कागदाची पट्टी कापून टाकायची आणि तो कागद शेजारच्याच्या कोऱ्या पट्टीवर रेघेला रेघ जुळवून चिकटवायचा. पट्टी कापायची राहिली, तर ती शेजारच्या कागदावरचं चित्र झाकून टाकते. काकांनी हे काम हजार वेळा केलं असेल, डोळे मिटूनसुद्धा. पण त्या दिवशी सकाळी अकराला समितीची बैठक होती आणि साडेदहा वाजून गेले होते. काकांच्या चष्म्याचा नंबरही वाढला होता, आणि ते कुणाला सांगत नव्हते. चौथ्या कागदाची पट्टी कापायची राहिली. काकांनी डिंक लावला, कागद दाबून बसवला. दोन रस्ते जोडापाशी तुटलेले दिसले, तेव्हा त्यांना वाटलं की काढायचे राहिले असतील. त्यांनी शाईने ते जोडून टाकले आणि हुश्श केलं.

माझ्यावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर. दोन बोटांच्या पट्टीखाली तीस मीटर रुंदीचा भाग गेला. त्यात बहुतेक सगळं नाल्याकाठचं रान होतं, ते झाकलं गेलं म्हणून कुणाचं काही बिघडलं नसतं. पण मध्येच एक गल्ली होती. नऊ घरं, एक नळ, एक वाण्याचं दुकान, एक झाड. सगळं डिंकाखाली गेलं. मी गुदमरलो हो! पण नकाशाला तोंड कुठे असतं?

आता बाईंबद्दल सांगतो. बाई म्हणजे विभागातल्या वरिष्ठ नगररचनाकार. अख्खं ऑफिस त्यांना 'मोठ्या बाई' म्हणायचं. पायात कायम सपाट चपला, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत छत्री आणि मोजपट्टी. जिथे रेघ मारायची तिथे आधी स्वतःच्या पायांनी जाऊन यायचं, हा त्यांचा नेम. "रेघ मारायला काय लागतं? मोडतं ते दुसऱ्याचं घर," असं त्या नव्या पोरांना सुनवायच्या.

तेव्हा त्यांच्यापुढे एक अवघड काम आलं होतं. नाल्यापलीकडच्या वस्तीतून मोठ्या रुग्णालयात यायला रुग्णवाहिकेला पाऊण तास लागायचा. वळसाच तसा होता. सरळ रस्ता काढायचा, तर साठ घरं पाडावी लागत होती. बाई तीन आठवडे माझ्यावर वाकून बसल्या. पेन्सिलीने काढायच्या, खोडायच्या, पुन्हा काढायच्या. आणि एक दिवस त्यांची नजर त्या कोऱ्या पट्टीवर गेली.

"अहो काका, हे बघा! इथे कुणीच राहत नाही! एकही घर न पाडता रस्ता सरळ रुग्णालयाच्या दारात जातोय!"

त्यांनी सगळ्या विभागाला चहा पाजला. इतक्या खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आणि मी त्यांच्या कोपराखाली पडून मनातल्या मनात ओरडत होतो, बाई, जोड उचला, जोड उचला!

नेमाप्रमाणे त्या जागा बघायला गेल्याच. एका टोकाकडून निघाल्या, तिथे रान होतं. दुसऱ्या टोकाकडून आत शिरल्या, तिथेही रान. मधल्या भागाकडे एका गोदामाची उंच भिंत आडवी येत होती. तिला वळसा घालणार, एवढ्यात घरून फोन आला. त्यांची आई न्हाणीघरात पाय घसरून पडली होती. बाई तशाच धावत घरी गेल्या. पुढे महिनाभर आईचं हाड, प्लास्टर, रात्रीची जागरणं, आणि दिवसा ऑफिस. मधला भाग बघायचा राहिला तो राहिलाच. मी त्यांना दोष देत नाही. पण मित्रांनो, मला वाईट वाटायचं ते वाटतंच.

रस्ता जाहीर झाला. ज्यांची घरं जातात त्यांची यादी करून, हरकत घ्यायला त्यांना नोटीस पाठवतात. यादीत एकही नाव नव्हतं. हरकतीची मुदत संपली. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं, 'एकही घर न पाडता' असं ठळक छापून. माझा फोटोही आला होता. त्या कौतुकाने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन्ही टोकांकडून रस्ता बांधत आणला गेला. मग एके सकाळी चुन्याच्या रेघा मारणारी माणसं गल्लीत शिरली, आणि दुसऱ्या दिवशी दोन बहिणी ऑफिसात आल्या. थोरली शिवणकाम करणारी, बोलायला फटकळ. धाकटी जन्मापासून आंधळी. तुमच्या थोरल्या आजी आणि धाकट्या आजी, त्याच!

"बाई, आमच्या दारात चुना टाकलाय," थोरली म्हणाली.

"ताई, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. तिथे घरंच नाहीत. हा बघा नकाशा."

"घरं नाहीत? मग मी रोज सकाळी झाडते ते काय, तुमचा नकाशा?"

खोलीत कुणीतरी खुदकन हसलं. बाई हसल्या नाहीत. थोरलीचा आवाज खाली आला. "हे बघा, माझं काही नाही. मशीन उचललं की मी कुठेही शिवीन. पण ही आहे ना, ही त्या गल्लीत डोळस आहे. दारापासून नळ बावीस पावलं, नळापासून वाण्याचं दुकान एकतीस, तिथून झाडाखालचा कट्टा चौदा. एकटी जाते, एकटी येते. भांडणं करते, उधारी सांगते. साठ वर्षं लागली तिला हे जमवायला. दुसरीकडे नेलीत तर आज आंधळी होईल ती."

तोवर धाकटीने टेबल चाचपून मला हात लावला होता. तिची बोटं माझ्यावरून सरकत होती, अगदी हलकी. जोडापाशी ती थांबली. पुढे गेली, मागे आली.

"ताई," ती म्हणाली, "इथे कागद जाड लागतोय. खाली दुसरं काहीतरी आहे."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी ओलं फडकं मागवलं, जोड भिजवला आणि पात्याने हळूच कड उचलली. नऊ घरं बाहेर आली. नळ आला. झाड आलं. काकांनी ते पाहिलं आणि ते मटकन खाली बसले. बाई त्यांना एवढंच म्हणाल्या, "काका, पाणी प्या." मग धाकटीचा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी रस्ता वळवून दाखवते. तुमची गल्ली जाणार नाही."

हा शब्द त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत दिला.

त्याच दुपारी त्यांनी वरच्या साहेबांना लेखी कळवलं. काकांचं नावही त्यात नव्हतं. 'जागा पूर्ण न पाहता मी रेघ मारली, जबाबदारी माझी,' असं स्वच्छ लिहिलं. साहेब खाली आले. त्यांनी उचललेला जोड पाहिला आणि डोकंच धरलं.

"बाई, दोन्हीकडून रस्ता येऊन थांबलाय. मधे तीनशे पावलं राहिलीत. रुग्णवाहिका काय उडत जाणार?"

"वळण देऊ या. गोदामाच्या बाजूने."

"गोदामवाला कोर्टात जाईल. चार वर्षं रस्ता अडेल. त्या चार वर्षांत वाटेत जे दगावतील, त्यांच्या घरच्यांना काय सांगू?"

ते दुष्ट नव्हते, मित्रांनो. हीच तर पंचाईत होती. पण बाईंनी हार मानली नाही. त्यांनी माझ्यावर आठ वेगवेगळी वळणं काढली. हे पेन्सिलीचे फिके डाग दिसतात ना, ती ती वळणं. गोदामवाल्याचे उंबरठे झिजवले. समितीपुढे तीनदा बोलल्या. एकदा बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला, तेव्हा एक सभासद म्हणाला, "बाई, तुम्ही नगररचना करता की समाजसेवा?" शेवटी हात वर करून मतं घेतली. बाईंना मत नव्हतं. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, आणि समोर हात वर होत गेले.

गल्ली पाडली त्या दिवशी मी कपाटात होतो. बाई संध्याकाळी आल्या. चपला धुळीने पांढऱ्या झाल्या होत्या. मला बाहेर काढून त्यांनी टेबलावर पसरलं. घरून आईचा फोन आला, तर "तू जेवून घे गं, मला भूक नाही," एवढंच बोलल्या.

रस्ता झाला. रुग्णवाहिका आता दहा मिनिटांत पोचते. माणसं वाचली आहेत, हे मी नाकारत नाही. गल्लीतल्या लोकांना या इमारतीत खोल्या मिळाल्या. लिफ्टही आहे, पण तिची बटणं गुळगुळीत काचेची. धाकटीच्या बोटांना त्यातलं काही कळत नाही.

मग ऑफिसात सगळं संगणकावर गेलं. कागदी नकाशे रद्दीत काढले. मीही त्या ढिगात होतो. पण थोरलीने बाईंना आधीच सांगून ठेवलं होतं, "तो कागद आम्हाला द्या. आमचं घर आता तेवढ्यावरच उरलंय." बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी पुष्पगुच्छ टेबलावर ठेवला, मला काखोटीला मारलं आणि सरळ इथे आल्या.

धाकटी खाटेवर बसली होती. बाई म्हणाल्या, "चला, आपण दोघी जिन्यापर्यंत जाऊ. मी मोजते, तुम्ही पाठ करा."

मी अजून बाईंच्या काखोटीलाच होतो. दोघी मोजत निघाल्या. दारापर्यंत सात. मग बोळातून वीस, तीस, चाळीस. मधेच कुणाची तरी सायकल आडवी आली, आकडा चुकला. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला त्या जिन्यापाशी पोचल्या. धाकटीने कठडा चाचपला, पायाने पहिली पायरी शोधली. आणि पाय मागे घेतला.

"राहू द्या, बाई. एवढं पाठ करायला आता माझ्याकडे आयुष्य उरलं नाही."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बाईंना सोपं गेलं असतं. त्या तिथेच पायरीवर बसून रडल्या, आणि आंधळी बहीण त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

त्याला दोन वर्षं झाली. बाई दर आठवड्याला यायच्या. आता गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नाही, आणि लिफ्ट बंद असली की त्या खालूनच फोन करून परत जातात. धाकट्या आजी त्या दिवसापासून खोलीच्या बाहेर आलेल्या नाहीत.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कुणी नकाशे काढाल, कुणी सह्या कराल. तेव्हा दोन टोकं बघून परत फिरू नका, मधलं चालून या, एवढं लक्षात ठेवा. पण ते पुढचं झालं. आजची विनंती वेगळी आहे. मला जपा, असं मी म्हणत नाही. मी कागद आहे, फाटलो तर फाटलो. आत खाटेवर धाकट्या आजी बसल्या आहेत. त्यांना कंटाळा आला आहे आणि त्या कुणाला सांगत नाहीत. तुमच्यापैकी दोघं उठा आणि त्यांचा हात धरा. पावलं मोजायला लावू नका, नुसतं बोलत बोलत खाली घेऊन जा.

उठा की. मी आपला आपण गुंडाळला जाईन.