डोंगरीवरचा लाल पंचा

बाबलीला पहिला संशय आला तो सुरमईवरून. दाजी म्हणजे सख्ख्या व्याह्याच्या ताटातही बांगड्याचं डोकं वाढणारा माणूस. त्यांनी सरकारी लाँचवरच्या साहेबाला घरी जेवायला बोलवावं आणि त्याच्या पानात सुरमईची मधली तुकडी घालावी, म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं.

दाजी मच्छीमारांच्या वाड्याच्या रापणीचे प्रमुख होते. होडीतून लांबलचक जाळं समुद्रात सोडायचं आणि अख्ख्या वाड्याने किनाऱ्यावर उभं राहून त्याची दोन्ही टोकं ओढायची, ही रापण. ओढणारे हात पुष्कळ होते, पण जाळं कधी आणि कुठे सोडायचं ते सांगायचा बाबली. किनाऱ्याला लागून असलेल्या डोंगरीच्या टोकावर, काजूच्या झाडाखाली तो सकाळपासून बसे. पाण्याचा रंग गढुळला, वर घारी घिरट्या घालू लागल्या, की खाली बांगड्यांचा थवा आलाय हे त्याला कळे. मग तो उभा राहून लाल पंचा हलवी. पंचा हलला की माणसं भरल्या ताटावरून उठत, आणि हलला नाही तर पाण्यात कोणी पाय घालत नसे. त्याच्या आज्यापासूनची रीत होती ती. रापण ओढून झाली की वाटे पडायच्या आधी मासळीची पहिली पाटी बाबलीच्या दारात जायची. त्याची बायको तुळसा ती पाटी उतरवून घेण्यापूर्वी डोक्यावरचा पदर अगदी ठेवणीतल्यासारखा सारखा करी. बाबलीला मासळीपेक्षा तो पदर प्यारा होता.

आणि आता हा साहेब आला होता मासळी शोधणारं यंत्र घेऊन.

"यंत्र पाण्यात आवाज सोडतं," साहेबाने किनाऱ्यावर सगळ्यांना जमवून समजावलं. "तो मासळीवर आपटून परत आला की कागदावर काळी रेघ उमटते, आणि आम्ही लाँचची शिट्टी वाजवतो. खाली काय आहे ते यंत्रालाच कळतं. त्याला झोप येत नाही, त्याचे डोळे दुखत नाहीत. पुढे अशी यंत्रं येतील, की जाळं कुठे टाकायचं तेसुद्धा तीच ठरवतील."

"मगे माणसान काय करूचा?" बाबलीने विचारलं.

साहेब हसला. "माणसाला दुसरी कामं असतात," म्हणाला. कुठली, ते काही त्याने सांगितलं नाही. गणपतीला आलेला त्याचा मेहुणाही सांगून गेला होता, की मुंबईच्या कचेऱ्यांत हिशेब करणारं यंत्र येणार म्हणून कारकून मोर्चे काढतायत. तेव्हा बाबली त्याला हसला होता. कारकुनाची लेखणी जाईल, पण समुद्राला कोण वाचणार, असं त्याला वाटलं होतं.

घरी आल्यावर तो तुळसेजवळ चुलीपाशी बसला. त्याच्या डोक्यात दुसरंच घोळत होतं.

"तेच्या गळ्यात दुर्बीण आसा, बघलंस?" तो म्हणाला. "यंत्राक जर सगळा कळता, तर दुर्बीण कित्याक होई?"

"कित्याक?"

"माझ्यावर नजर ठेवूक. परवा मी पंचा हलवलंय, आणि मगे तेची शिट्टी वाजली. आधी पंचा, मगे शिट्टी. यंत्र बिंत्र काय नाय गो. माका बघता नि थंय रेघ मारता."

"मगे दाजींका सांगा."

"दाजी तेका सुरमय वाढतत."

तुळसेने चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

दोन दिवसांनी साहेबाने सगळ्यांदेखत यंत्र दाखवायचं ठरवलं. वाडा किनाऱ्यावर लोटला, होडीत जाळं भरून तयार ठेवलं, आणि बाबली नेहमीसारखा डोंगरीवर जाऊन बसला. लाँच अजून लांब असतानाच त्याला खडपाच्या, म्हणजे पाण्यातल्या खडकांच्या, अलीकडे थवा दिसला. असा थवा त्याने कैक वर्षांत पाहिला नव्हता. पाणी तांबूस काळं झालं होतं आणि मधूनच चुरचुरत होतं. त्याचा हात आपसूक खांद्यावरच्या पंच्याकडे गेला.

आणि तिथेच त्याला दुर्बुद्धी सुचली. आज पंचा हलवायचाच नाही. बसू दे साहेबाला दुर्बीण लावून. लाँच आंधळ्यासारखी थव्याजवळून निघून जाईल, सगळे बघतील, आणि मग आपण उठू. मासळी काही पळत नाही. त्याने पंचा खांद्यावरून काढला, मांडीखाली घेतला आणि त्यावर घट्ट बसला.

लाँच डुलत आली, वळली, आणि बरोबर थव्याच्या डोक्यावर येऊन थांबली. लांबलचक शिट्टी वाजली.

उठायचं ते तेव्हाच उठायला हवं होतं. पण आता उठलो तर यंत्राला आधी दिसलं असं होईल, या विचाराने त्याला जागेला खिळवून ठेवलं. शिट्टी पुन्हा वाजली. साहेब लाँचवरून हात करून करून ओरडत होता, "टाका जाळं. इथेच आहे मासळी."

खाली एक माणूस हलला नाही. सगळ्यांच्या माना डोंगरीकडे वळल्या होत्या. दाजींचा आवाज मुळातच मोठा, वाऱ्यावर तो थेट वर आला.

"बाबलीन पंचा हलवूक नाय, साहेब. थंय मासळी नाय. तुमच्या यंत्राक खडप दिसला आसतला."

लोक खो खो हसले. ज्याच्यावर बाबली आठवडाभर संशय घेत होता, तोच माणूस भर किनाऱ्यावर सरकारला खोटं पाडत होता, आणि तेही त्याच्या भरवशावर. बाबली ताडकन उठला, पंचा उचलला. पण लाँचच्या धडधडीने थवा बुजला होता. पाणी पुन्हा निळं झालं होतं आणि तो तांबूस डाग खडपाला वळसा घालून पलीकडच्या गावाकडे सरकत होता. दाखवायला आता काही उरलं नव्हतं.

संध्याकाळी पलीकडच्या गावच्या बायका डोक्यावर बांगड्यांच्या पाट्या घेऊन याच किनाऱ्यावरून बाजाराला गेल्या. वाड्यातल्या बायका दारात उभ्या राहून त्या पाट्यांकडे बघत राहिल्या.

दिवस बुडायच्या आधी दाजी डोंगरी चढून आले. गुडघे दुखत असतानाही आले आणि बाबलीच्या शेजारी धापा टाकत बसले. शिव्या खायची बाबलीची तयारी होती.

"बाबली," दाजी हळूच म्हणाले, "तुका दिसला नाय मां रे?"

बाबलीने चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

"तुझ्या बापाशीचे डोळे पण ह्याच वयात गेलेले. तेत तुझो काय दोष नाय. मी साहेबाक जेवक घातलंय ता कित्याक? तुझ्यासाठी. यंत्र येवंदे, पण डोंगरीवर बाबलीच बसतलो, ह्या तेका सांगूक. आता खंयच्या तोंडान सांगू?"

बाबलीचा जीव लाजेने अर्धा झाला. दिसलं होतं म्हणावं, तर वाड्याच्या तोंडचा घास आपण जाणूनबुजून घालवला असं होतं. नाही म्हणावं, तर डोंगरीवरची जागा जात होती. दाजींच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या पाण्याकडे बघून खरं बोलणं त्याला जमेना.

"नाय, दाजीनू," तो म्हणाला. "माका दिसला नाय."

दाजींनी सुस्कारा सोडला, उठले आणि त्याचा हात धरला. "हळू. हयसर धोंडो आसा," असं सांगत त्यांनी त्याला खाली उतरवलं. त्या वाटेवरचा एकेक धोंडा बाबलीला लहानपणापासून पाठ होता. तरी तो चाचपडत उतरला.

दिवाळीनंतर एका सकाळी तो तुळसेबरोबर माडाखाली जाळं विणत बसला होता. पहिली पाटी यायची बंद झाली होती. रापण आता लाँचच्या शिट्टीवर सुटायची. लाँच दूर दक्षिणेला फिरत होती, आणि इथे, अगदी समोर, खडपाच्या अलीकडे पाणी तांबूस झालं. घारी उतरल्या. वाड्यातले गडी होडीला टेकून दक्षिणेकडे बघत शिट्टीची वाट पाहत होते. बाबली अर्धवट उठला. त्याचा हात खांद्याकडे गेला.

तुळसेने विणकाम थांबवलं. तिचाही हात कसा कोण जाणे, पदराकडे गेला.

"काय दिसता?" तिने विचारलं.

होडीपाशी बसलेले दाजी ते ऐकून वळले आणि त्याच्याकडे बघू लागले.

"काय नाय गो," बाबली म्हणाला. "माका वायच घराकडे घेवन चल." आणि तिने धरावा म्हणून त्याने हात पुढे केला.