नमुन्याचे दोन दिवे

"सिस्टर, इथे सगळेच अर्धमेले दिसतात, ते आजाराने की तुमच्या दिव्यांनी?"

वर्गातल्या तिघींनी पैज लावली होती की दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरांना हे विचारताना ऐनवेळी भिंगरीची जीभ टाळूला चिकटणार. चिकटली नाही. उलट प्रश्न इतका खणखणीत निघाला की शिडीवरच्या तिच्या वडिलांच्या हातून पेचकस निसटला.

वडील इलेक्ट्रिशियन. दवाखान्यातले जुने दिवे काढून एलईडी बसवायचं काम त्यांच्याकडे आलं होतं आणि शाळेला सुटी म्हणून भिंगरी शिडी धरायला आली होती. नवजात बाळांच्या खोलीत नमुन्याचे दोन दिवे लावून झाले होते. वडिलांनी नेहमीसारखा खाली कोरा पांढरा कागद ठेवून मीटरने उजेड मोजला होता. पहिल्या दिव्याचा आकडा भलताच चढला. पहिलाच घ्यायचा, असं ठरवून त्यांनी फोनवर ऑर्डरही देऊन टाकली होती.

मोठ्या सिस्टर आता झाडणार, असं भिंगरीला वाटलं. त्या म्हणाल्या, "बरं विचारलंस. ये इकडे."

त्यांनी तीन दिवसांचं एक बाळ उचललं, पहिल्या दिव्याखाली धरलं आणि त्याच्या कपाळावर अंगठा हलकेच दाबून उचलला.

"काय दिसतं?"

"काहीच नाही. फिकट ठसा."

दुसऱ्या दिव्याखाली पुन्हा तेच केलं. आता ठसा पिवळसर दिसला. खिडकीपाशी नेल्यावर तर शंकाच उरली नाही.

"कावीळ," सिस्टर म्हणाल्या. "डॉक्टरांना बोलावते. त्या पहिल्या दिव्याच्या भरवशावर मी याला आज घरी धाडलं असतं."

"पण पहिल्याचा उजेड जास्त आहे हो," वडील शिडीवरूनच म्हणाले. "कागदावर मोजलाय."

"कागदाला कावीळ होत नाही, भाऊ."

भिंगरीने दोन्ही खोकी उलटसुलट करून पाहिली. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात, त्याचा आकडा तळाशी बारीक अक्षरांत छापला होता. पहिल्यावर बहात्तर, दुसऱ्यावर पंच्याण्णव. वडिलांनी तो आजवर कधी वाचलाच नव्हता.

घरी आल्यावर ते म्हणाले, "दिलेली ऑर्डर फिरवायची म्हणजे नाक मुठीत धरून जायचं. खिडकी आहे ना त्या खोलीला. नेतील बाळाला तिथे."

"आणि अंधार पडल्यावर?" आईने चष्म्यावरून पाहिलं. "सूर्याला ओव्हरटाइम देणार का?"

भिंगरीने मीटर टेबलावर ठेवला.

"ऐका दोघंही. मी मोठ्या सिस्टरांना सांगून आलेय, त्या खोलीत दुसऱ्या नमुन्याचेच दिवे लागणार. ऑर्डर बदलायचा फोन मी करते, बोलणीही मी खाते. आणि बाबा, यापुढे नमुना बघायला जाताना नुसता कागद नाही न्यायचा. मला न्यायचं."